झोनमाइंडरचा कन्सोल: सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा सर्व्हर सांभाळायचा तर

गेटवरच्या स्क्रीनवर बारा चौकोन होते आणि बाराही व्यवस्थित चालू दिसत होते. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची नवी सायकल पार्किंगमधून गेली, तेव्हा त्या रात्रीचं एक सेकंदाचंही रेकॉर्डिंग माझ्याकडे निघालं नाही. चूक माझीच होती. रंगकामाच्या वेळी तो कॅमेरा हलवला होता. कोन तपासताना मी त्याचं फंक्शन ‘मॉनिटर’वर नेलं आणि परत बदलायचं राहून गेलं. ‘मॉनिटर’ म्हणजे नुसतं दाखव, साठवू नको. अकरा दिवस तो कॅमेरा नुसता दाखवत होता आणि आम्ही सगळे समाधानानं बघत होतो. त्या मुलीच्या आईला हे सांगायला गेलो तो जिना अजून आठवतो.

चालू चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, असं नसतं. ते होतंय की नाही हे फक्त कन्सोल, म्हणजे सर्व्हरचं वेब पान, सांगतो, आणि तोही वाचता आला तरच. सोसायटी, शाळा, पतसंस्था, गोदाम अशा ठिकाणी ज्यांच्या गळ्यात ‘तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं ना, मग कॅमेऱ्यांचंही बघा’ अशी जबाबदारी पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

झोनमाइंडर म्हणजे काय

झोनमाइंडर हे लिनक्सवर चालणारं मुक्त, विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. फिलिप कूम्ब्स या गृहस्थांची घरकामाची विजेवरची अवजारं चोरीला गेली, त्यातून त्यांनी ते लिहायला घेतलं, आणि २००२ पासून ते लोकांच्या वापरात आहे. कोणत्याही एका कंपनीच्या कॅमेऱ्याशी ते बांधलेलं नाही. आरटीएसपी पद्धतीनं (नेटवर्कवरून थेट चित्र पाठवायची ही ठरलेली रीत) चित्र पाठवणारा जवळपास कुठलाही आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा, कॅमेरा त्याला जोडता येतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सर्व्हर, म्हणजे कोपऱ्यातला तो डबा, जो चोवीस तास कॅमेऱ्यांकडून चित्र घेतो आणि डिस्कवर लिहितो. दुसरा कन्सोल, म्हणजे त्या डब्याचं वेब पान. ते तुम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा घरातल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये उघडता. ब्राउझर बंद केला म्हणून रेकॉर्डिंग थांबत नाही, आणि ब्राउझर उघडा आहे म्हणून ते चालू आहे असंही नाही. नवख्या माणसाचा सगळा गोंधळ इथेच होतो.

सॉफ्टवेअर बसवून झालेलं आहे असं धरून पुढचं सांगतो. पान उघडायला सर्व्हरचा आयपी पत्ता टाकायचा, त्यापुढे तिरकी रेघ आणि झेड, एम ही दोन अक्षरं. मी १.३६ मालिकेबद्दल लिहितोय. १.३७ च्या पुढच्या आवृत्त्यांत काही शब्द बदललेत, ते त्या त्या जागी येतील.

आधी कागदावर हिशेब

डिस्क विकत घेण्याआधी हा हिशेब करा, कारण सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न येतो तो ‘किती दिवसांचं राहतं?’ हाच.

कॅमेरा २ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट या वेगानं, चित्र पाठवतो असं समजा. दिवसाचे सेकंद ८६,४००. दोन्हींचा गुणाकार करून आठानं भागलं (आठ बिटांचा एक बाइट) की २१,६०० एमबी, म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. बारा कॅमेऱ्यांचे साधारण २५९ जीबी. चार टीबीची डिस्क ९५ टक्के भरेपर्यंत वापरली तर ३,८०० जीबी मिळतात, म्हणजे चौदा दिवस आणि थोडं वर. तेच बारा कॅमेरे ४ एमबीपीएसवर ठेवलेत की सरळ निम्मे, सात दिवस. सभेला महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर डिस्क केवढी लागेल हे याच गणितातून निघतं. कोटेशन देणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका.

डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. साध्या डिस्कवर दिवसरात्र लिहीत राहिलं की ती लवकर थकते. ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस मात्र वेगळ्या, छोट्या एसएसडीवर असू द्या.

यूपीएस सर्व्हरइतकाच पीओई स्विचलाही, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या डब्यालाही, हवा. लाइट गेल्यावर सर्व्हर जागा आणि कॅमेरे झोपलेले, यात काही अर्थ नाही. शिवाय वीज परत आली की मशीन आपोआप सुरू होईल असं बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एकदा करून ठेवा, नाहीतर शनिवारी दुपारी गेलेल्या लाइटनंतर सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिलं काम कुलूप लावण्याचं

नवं झोनमाइंडर पासवर्ड न विचारता उघडतं. म्हणजे सोसायटीच्या वायफायवर असलेला कुणीही ते पान उघडून कॅमेरे पाहू शकतो. म्हणून कॅमेरा जोडण्याआधी वरच्या मेनूतून ऑप्शन्समध्ये जा, तिथे सिस्टीम या टॅबवर ‘ऑप्ट यूज ऑथ’ नावाची खूण आहे ती लावा. खालीच ‘ऑथ हॅश सीक्रेट’चा रकाना आहे, त्यात आधीपासूनचा मजकूर काढून स्वतःची लांबलचक ओळ टाका आणि सेव्ह करा. आता पान लॉगिन मागेल. सुरुवातीचं नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. आत गेल्याबरोबर तो बदला, चहा नंतर.

मग यूजर्स टॅबवर वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी खाती काढा. प्रत्येक खात्याला स्ट्रीम (थेट चित्र), इव्हेंट्स (साठवलेल्या रेकॉर्डिंगचे तुकडे), मॉनिटर्स (जोडलेले कॅमेरे), सिस्टीम वगैरेंसाठी ‘नन’, ‘व्ह्यू’ किंवा ‘एडिट’ देता येतं. आमच्याकडे वॉचमन काकांच्या खात्याला फक्त स्ट्रीमचं व्ह्यू आहे, बाकी सगळं नन. सेक्रेटरींना इव्हेंट्सचंही व्ह्यू आहे. एडिट माझ्याकडे आणि आणखी एकाकडे. हा दुसरा माणूस असायलाच हवा, कारण तुम्ही गावाला गेलात तरी कॅमेरे चालूच राहणार आहेत.

कमिटीतल्या कुणाला तरी ‘मोबाइलवर बाहेरून दिसलं पाहिजे’ असं हवं असतंच. त्यासाठी राउटरवर पोर्ट उघडून हे पान थेट इंटरनेटवर टाकू नका. यावर मी कमिटीशी दोनदा वाद घातलाय आणि पुन्हा घालेन. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर, ज्यांचे कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते, ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली होती. झोनमाइंडरमध्येही फेब्रुवारी २०२३ मध्ये एक भगदाड जाहीर झालं. लॉगिन न करताच बाहेरच्याला सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत होत्या. १.३६.३३ मध्ये ते बुजवलं, म्हणून तुमची आवृत्ती त्याच्या मागची असेल तर आधी ती वर आणा. आवृत्तीचा आकडा कन्सोलच्या वरच्या पट्टीतच दिसतो. बाहेरून बघायचंच असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येणारी खाजगी, कुलूपबंद वाट, लावा. एका दुपारचं काम आहे.

कॅमेरा जोडताना

जोडण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वेब पानावर जाऊन चार गोष्टी करून घ्या. त्याला कायमचा आयपी पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.६४. झोनमाइंडरसाठी त्यावर वेगळं खातं काढा आणि त्याच्या पासवर्डमध्ये फक्त अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण ॲट किंवा हॅशसारखं चिन्ह आलं की आरटीएसपीचा पत्ता तिथेच तुटतो. माझी एक अख्खी संध्याकाळ त्या एका ॲटनं खाल्ली होती. चित्र दाबून लहान करायचा प्रकार एच.२६४ ठेवा. एच.२६५ जागा वाचवतं हे खरं, पण कित्येक ब्राउझर ते दाखवत नाहीत, आणि ऐन वेळी पोलीस समोर बसलेले असताना काळा चौकोन बघायची वेळ येते. चौथं म्हणजे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (एफपीएस), इथेच ठरवा, पार्किंगला १२ ते १५ पुरे होतो. ‘आय फ्रेम इंटरव्हल’, म्हणजे किती फ्रेम्सनंतर एकदा पूर्ण चित्र पाठवायचं तो आकडा, त्याच्या एकपट किंवा दुप्पट ठेवा.

आता कन्सोलवर ‘ॲड’ दाबा. जनरल टॅबमध्ये नाव द्या. ‘कॅमेरा ७’ असलं नाव देऊ नका. ‘बी विंग पार्किंग, रॅम्प’ असं द्या, म्हणजे रात्री दोनला झोपेतून उठून बघणाऱ्यालाही जागा कळेल. सोर्स टाइप ‘एफएफएमपेग’ निवडा. फंक्शन सध्या ‘मॉनिटर’.

त्याच टॅबवर ‘मॅक्सिमम एफपीएस’ आणि ‘अलार्म मॅक्सिमम एफपीएस’ असे दोन रकाने आहेत. आयपी कॅमेऱ्यासाठी ते रिकामे सोडा. नवा माणूस तिथे हमखास १५ लिहितो, कारण रकाना रिकामा बघवत नाही. पण त्या आकड्यानं सर्व्हर कॅमेऱ्याकडून येणाऱ्या फ्रेम्स मुद्दाम थांबून थांबून वाचायला लागतो, मागे फ्रेम्स तुंबतात, चित्र फाटतं, आणि काही वेळानं जोडणीच तुटते. वेग ठरवायचा तो कॅमेऱ्यात, इथे नाही.

सोर्स टॅबमध्ये आरटीएसपीचा पूर्ण पत्ता येतो. त्यात कॅमेऱ्याच्या खात्याचं नाव, पासवर्ड, आयपी, पोर्ट ५५४ आणि त्यापुढे कंपनीप्रमाणे बदलणारी वाट असते. ही वाट कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मिळते. पत्ता आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकून बघा. तिथे चित्र आलं तरच इथे या, म्हणजे दोष पत्त्यात आहे की झोनमाइंडरमध्ये, ही शोधाशोध उरत नाही. ‘मेथड’ टीसीपी ठेवा. रिझोल्यूशन कॅमेऱ्यात आहे तेच भरा.

स्टोरेज टॅबमध्ये ‘सेव्ह जेपेग्स’ बंद करा आणि ‘व्हिडिओ रायटर’ला ‘कॅमेरा पासथ्रू’ द्या. कॅमेऱ्यानं दाबून पाठवलेलं चित्र आहे तसंच डिस्कवर उतरतं, सर्व्हरला पुन्हा मेहनत पडत नाही. साध्या मशीनवर बारा कॅमेरे चालतात ते यामुळेच.

सेव्ह केल्यावर कन्सोलवर त्या ओळीचा रंग बघा. हिरवा म्हणजे ठीक. नारिंगी म्हणजे काम अर्धवट चाललंय. लाल म्हणजे चित्रच येत नाही. लाल असेल तर वरच्या मेनूतल्या ‘लॉग’मध्ये जा. तिथे ४०१ हा आकडा दिसला तर पासवर्ड चुकलाय. ‘नो रूट टू होस्ट’ दिसलं तर कॉम्प्युटर सोडा आणि शिडी घ्या, कारण केबल, स्विच किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात काहीतरी निघेल. पावसाळ्यात आमच्याकडे तीनातले दोन दोष छतावरच्या केबलच्या जोडात पाणी शिरल्याचेच असतात.

फंक्शन निवडणं, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

‘नन’ म्हणजे कॅमेरा बंद. ‘मॉनिटर’ म्हणजे दाखवायचं, साठवायचं नाही. ‘मोडेक्ट’मध्ये हालचाल झाली तरच साठवायचं. ‘रेकॉर्ड’ अखंड साठवतं. ‘मोकॉर्ड’ अखंड साठवतं आणि हालचाल झालेल्या जागी खूणही करतं. ‘नोडेक्ट’ बाहेरून कुणी इशारा दिला तरच साठवतं, ते सध्या विसरा. नव्या आवृत्त्यांत या एका रकान्याचे पकडणं, तपासणं आणि साठवणं असे तीन रकाने केलेत. हे बरं झालं, कारण साठवण बंद आहे हे तिथे स्पष्ट दिसतं.

माझं मत सरळ आहे. सुरुवात ‘रेकॉर्ड’नं करा. जागा वाचते म्हणून लोक मोडेक्ट लावतात, पण मोडेक्टमध्ये काय सुटलं हे तुम्हाला कधीच कळत नाही. अंधारात, हळू चालणारा माणूस, काळे कपडे, पिक्सेल पुरेसे बदलले नाहीत, आणि संपलं. डिस्क मोठी घेणं परवडतं. महिना-दोन महिने सगळं सुरळीत चाललं की मग हवं तर मोकॉर्डकडे जा. त्या वेळी ‘झोन’ आखावे लागतील. चित्रातल्या कुठल्या भागातली हालचाल धरायची ते बोटानं रांगोळी काढावी तसं माउसनं आखायचं असतं. आंब्याची फांदी आणि रस्त्यावरचे हेडलाइट झोनबाहेर ठेवा, संवेदनशीलता आयत्या पर्यायांतली मध्यम घ्या. गणपतीत लायटिंग लागली की सगळं पुन्हा तपासावं लागतं, हे गृहीत धरा.

आणि आता ती गोष्ट, जी मला सायकल गेल्यावर कळली. कन्सोलच्या वर ‘रनिंग’ असं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की ‘रन स्टेट’ची छोटी खिडकी उघडते. सगळ्या कॅमेऱ्यांची फंक्शन्स बरोबर असताना तिथे एक नाव देऊन ती अवस्था जतन करता येते. मी ‘नेहमीचं’ हे नाव दिलंय. नंतर कुठल्याही कॅमेऱ्यावर कितीही खटपट केली, तरी शेवटी ‘नेहमीचं’ निवडून लागू केलं की प्रत्येक कॅमेरा आपापल्या जागेवर परत जातो. नवा कॅमेरा जोडलात तर ‘नेहमीचं’ पुन्हा जतन करायला विसरू नका, नाहीतर तो त्या यादीत नसेल. टेक्निशियन येऊन गेला, रंगारी येऊन गेले, मी स्वतः हात लावला, काहीही असो, पहिलं काम ‘नेहमीचं’ लागू करणं.

डिस्क भरते तेव्हा

वरच्या पट्टीत स्टोरेजची टक्केवारी दिसते. चौदा दिवसांनी ती ९५ च्या आसपास येऊन थबकली पाहिजे. तिला थोपवणारा फिल्टर आधीच बनवलेला असतो, त्याचं नाव ‘पर्ज व्हेन फुल’. डिस्क ९५ टक्क्यांवर गेली की अर्काइव्ह न केलेले (राखून ठेवायची खूण नसलेले) सर्वात जुने इव्हेंट्स तो शंभर-शंभराच्या गटानं पुसतो. फिल्टर्सच्या पानावर जाऊन तो पार्श्वभूमीत चालायची खूण लागलेली आहे का, हे डोळ्यांनी बघून घ्या. तो बंद असेल तर डिस्क १०० टक्के होते आणि रेकॉर्डिंग गपचूप थांबतं. थेट चित्र मात्र दिसत राहतं, सायकलच्या वेळी दिसत होतं तसंच.

एक उलटी खूणही ओळखून ठेवा. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर टक्केवारी अचानक वेगळीच दिसली, तर कदाचित मोठी डिस्क जोडलीच गेलेली नाही आणि इव्हेंट्स छोट्या एसएसडीवर पडताहेत. ती काही तासांत भरते आणि डेटाबेससकट सगळं बसतं. अशा वेळी आधी वरच्या ‘रनिंग’मधून झोनमाइंडर थांबवा, डिस्क जोडा, मग सुरू करा.

त्याच पट्टीत शेअर्ड मेमरीचीही, म्हणजे येणाऱ्या फ्रेम्स तात्पुरत्या ठेवायच्या रॅममधल्या जागेची, टक्केवारी असते. १९२० गुणिले १०८० पिक्सेलची एक फ्रेम चार बाइटच्या रंगात ८.३ एमबीची होते, आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या बफरमध्ये अशा कितीतरी फ्रेम्स बसतात. कुणीतरी बफरचा आकडा हौसेनं वाढवला की ही टक्केवारी चढते. ९० च्या वर गेली तर बफर कमी करा किंवा रॅम वाढवा.

दुसरा सर्व्हर आला तर

आमच्या मागच्या फेजला आठ कॅमेरे लागले तेव्हा दुसरं मशीन घेतलं. झोनमाइंडरमध्ये अनेक सर्व्हर एकाच कन्सोलवरून बघता येतात. डेटाबेस एकच, सगळ्यांनी त्यालाच जोडायचं. प्रत्येक मशीनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याचं स्वतःचं नाव लिहायचं, आणि ऑप्शन्समधल्या ‘सर्व्हर्स’ टॅबवर तंतोतंत त्याच नावानं नोंद करायची. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तर ते मशीन स्वतःला ओळखत नाही आणि त्याचे कॅमेरे सुरूच होत नाहीत. मग ‘स्टोरेज’ टॅबवर दुसऱ्या मशीनची डिस्क त्या सर्व्हरच्या नावानं लावा, आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या जनरल टॅबमध्ये तो कुठल्या सर्व्हरनं सांभाळायचा ते निवडा. कन्सोलवर आता सर्व्हरचा रकाना दिसेल.

डेटाबेसचं मशीन पडलं की दोन्हीकडचं काम अडतं, हे मात्र लक्षात असू द्या. दोन इमारतींमधली केबल भरवशाची नसेल तर दोन स्वतंत्र झोनमाइंडर ठेवा आणि ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडा. दिसायला ते देखणं नाही, पण एक बंद पडलं तरी दुसरं चालतं.

घड्याळ

ऑप्शन्समध्ये टाइमझोन आशिया, कोलकाता हा निवडा. तो चुकला आणि सर्व्हर जागतिक वेळेवर राहिला, तर पहाटे साडेपाचची घटना रात्री बाराला नोंदली जाते आणि तुम्ही चुकीच्या वेळेत शोधत बसता. सर्व्हरला इंटरनेटवरून वेळ घेऊ द्या, आणि सगळ्या कॅमेऱ्यांना वेळेसाठी सर्व्हरचा पत्ता द्या. नाहीतर चित्रावर छापलेली वेळ एक आणि इव्हेंटची दुसरी, असं होतं.

वेळेचं महत्त्व किती, हे जालन्याच्या खटल्यानं दाखवलंय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा वाद होता, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुराव्यात आणलं गेलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच.

रोज सकाळची पाच मिनिटं

कन्सोलवर प्रत्येक कॅमेऱ्याच्या ओळीत इव्हेंट्सचे आकडे असतात: एकूण, तासातले, दिवसातले, आठवड्यातले. नवे लोक यांच्याकडे बघतच नाहीत, आणि खरं गुपित इथेच आहे. ‘रेकॉर्ड’मध्ये झोनमाइंडर मूळ सेटिंगप्रमाणे दर ६०० सेकंदांनी एक इव्हेंट बंद करून नवा सुरू करतं. म्हणजे तासाला सहा, दिवसाला १४४, आठवड्याला १,००८.

सकाळी सात वाजता मी पान उघडतो आणि दिवसाच्या रकान्यावरून बोट खाली फिरवतो. १४४, १४४, १४५, १४४, ९७. थांबा. ९७ म्हणजे मधले जवळजवळ आठ तास गायब आहेत. त्या आकड्यावर क्लिक केलं की इव्हेंट्सची यादी उघडते आणि खंड कुठे पडला ते वेळेवरून दिसतं. मग त्याच वेळेचा लॉग बघायचा. एक-दोनाचा फरक मशीन पुन्हा सुरू झाल्यानं पडतो, तो सोडून द्या. शून्य दिसलं तर हातातलं काम टाकून उठा. मोकॉर्ड आणि मोडेक्टमध्ये हे गणित इतकं चोख बसत नाही, रेकॉर्डनं सुरुवात करा असं म्हणायचं हेही एक कारण.

आकड्यांनंतर कुठल्याही एका कॅमेऱ्याचा काल रात्री तीनच्या सुमाराचा इव्हेंट उघडून अर्धा मिनिट चालवून बघा. रोज वेगळा कॅमेरा घ्या. फाइल आहे पण आत नुसतं करडं चित्र, कोळ्याचं जाळं, किंवा पावसात खाली झुकलेला कॅमेरा, हे आकड्यांवरून कळत नाही. मी सगळं एका वहीत लिहितो: तारीख, स्टोरेजची टक्केवारी, कुठला कॅमेरा कमी, काय केलं.

काही घडलंच तर

तो इव्हेंट शोधा आणि सगळ्यात आधी त्याच्यापुढे खूण करून ‘अर्काइव्ह’ दाबा. मग ‘पर्ज व्हेन फुल’ त्याला हात लावत नाही. आधीचा आणि नंतरचा इव्हेंटही अर्काइव्ह करा, कारण माणूस आला कुठून आणि गेला कुठे, हे बहुतेक वेळा शेजारच्या दहा मिनिटांत असतं. त्याच वेळचे गेटचे आणि रॅम्पचे इव्हेंट्सही घ्या. पोलीस येईपर्यंत चौदा दिवस उलटायला वेळ लागत नाही.

मग ‘एक्स्पोर्ट’ करून फाइल कोऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवा. मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ते पुरावा म्हणून फारसं उपयोगाचं नाही आणि ग्रुपवर फिरलं की कुणाच्या तरी घराची बदनामीही होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद देणाऱ्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून गणितानं काढलेला तिचा ठसा, लिहावं लागतं. म्हणून फाइल उतरवल्याबरोबर तिचं एसएचए-२५६ हॅश काढा आणि वहीत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, इव्हेंटचा क्रमांक यांच्या शेजारी लिहून ठेवा. पेन ड्राइव्ह देताना पोच घ्या आणि तीही त्याच पानावर चिकटवा. मूळ इव्हेंट सर्व्हरवर अर्काइव्ह केलेला तसाच राहू द्या, प्रकरण संपल्याचं लेखी कळेपर्यंत.